आधी बाबांची काजूची वही

प्रिय बाय,

'वर्गात सगळ्यांची बोटं कीबोर्डावर पळतात आणि मी एकेक अक्षर हुडकत बसते,' असं लिहिलंस. पळू देत. पणजी-म्हापशाची मुलं लहानपणापासून संगणकावर बसतात हे खरंच, पण सेव्ह केलेली फाइल कुठल्या फोल्डरात गेली ते विचारून बघ, त्यांतले किती तरी गांगरतील. कारण त्यांचा बराच वेळ मोबाइलवर जातो, आणि तिथे हे बघायची वेळच येत नाही. तू पहिल्यापासून फाइलला नीट नाव दे आणि ती कुठे ठेवतेस ते पाहूनच बंद कर.

क्लास लावू का, म्हणतेस. मला विचारशील तर इतक्यात नको. सर्टिफिकेट मिळेल, पण हात बसेलच असं नाही. हात बसतो तो गरजेच्या कामावर. बाबांची काजूची वही आहे ना? ती एक्सेलमध्ये उतरव: तारीख, किलो, भाव, रक्कम. किलोच्या रकान्यात नुसता आकडा घाल. '१२ किलो' असं लिहिलंस की एक्सेल त्याला मजकूर समजतं, बेरजेतून गुपचूप वगळतं आणि एका शब्दाने सांगत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. तू काही बदललं नसशील तर आकडा चौकटीच्या उजव्या कडेला जातो, मजकूर डाव्या. तारखेलाही जप. संगणकावर अमेरिकी पद्धत लावलेली असेल तर ३/४ लिहिल्यावर ३ एप्रिलचे काजू ४ मार्चला जाऊन बसतात! काही बिघडलं तर कंट्रोल धरून झेड दाब, मागचं परत येतं. बटणं दाबून संगणक मोडत नाही. चहा सांडून मोडतो.

मराठी टायपिंगमध्ये तर तू मागे नाहीसच, कारण तुझ्या वर्गातले बहुतेकजण मराठीसुद्धा रोमनमध्येच लिहीत असतील. तू इनस्क्रिप्ट, म्हणजे कीबोर्डावरची देवनागरी अक्षरांची मांडणी, शीक. विंडोजमध्ये ते असतंच, भाषेच्या सेटिंगमधून मराठी घेतलं की झालं. स्वर डाव्या हाताकडे, व्यंजनं बरीचशी उजव्या. के दाबलं की क, शिफ्ट धरून तेच दाबलं की ख. शेजारच्या एलवर त, शिफ्टने थ. एफ आणि जेवर बारीक उंचवटे लागतील, तिथे तर्जन्या ठेव आणि खाली बघू नकोस. पहिले काही दिवस जीव जाईल, पण हीच मांडणी कोंकणीलाही चालते. १९८७च्या राजभाषा कायद्याने आपल्या गोव्यात देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि सरकारी कामात मराठीलाही जागा राहिली, त्यामुळे उद्या कचेरीत बसलीस तर दोन्ही लागतील. नोकरीच्या बऱ्याच परीक्षाही आता संगणकावर होतात.

रविवारी घरी गेलीस की वही मागून घे. यंदाच्या हंगामाची पानं पुरेत. आधी वहीतली बेरीज बाबांकडून तपासून घे, मग तुझी तिच्याशी ताडून बघ. फरक आला तर फाइल मला मेलने पाठव. स्क्रीनचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर नको, त्यात मला काही तपासता येत नाही.

तुझा,
मास्तर