मेटाडेटाचे रकाने किती आणि कोणते?

प्रश्न : आमच्या संस्थेकडील जुनी छायाचित्रे, हस्तलिखिते, पत्रव्यवहार आणि ध्वनिफिती यांचे डिजिटायझेशन पूर्ण होत आले असून आता हा सर्व संग्रह व्यवस्थापन प्रणालीत चढवायचा आहे. या प्रणालीत मेटाडेटाचे, म्हणजे प्रत्येक वस्तूविषयीच्या वर्णनात्मक माहितीचे, रकाने आपले आपणच तयार करता येतात. सहकाऱ्यांच्या सूचना एकत्र केल्यावर यादी साठीच्या वर गेली. छायाचित्रांसाठी ‘छायाचित्रकार’, पत्रांसाठी ‘पत्रलेखक’, ध्वनिफितींसाठी ‘गायक’ असे स्वतंत्र रकाने तीत आहेत. इतके रकाने ठेवावेत का? शिवाय, ज्या वस्तूंचा काळ नक्की माहीत नाही, त्यांची तारीख कशी नोंदवावी?

उत्तर : आपण उल्लेखलेले तिन्ही रकाने एकाच प्रश्नाचे उत्तर देतात, तो म्हणजे ही वस्तू कोणी निर्माण केली. एकाच व्यक्तीने काढलेली छायाचित्रे आणि लिहिलेली पत्रे आपल्या संग्रहात असतील, तर तिचे नाव दोन रकान्यांत विभागले जाईल आणि शोध घेणाऱ्याला तिचे निम्मेच काम सापडेल. म्हणून रकाना ‘निर्माता’ हा एकच ठेवावा आणि त्या व्यक्तीची भूमिका नावाच्या जोडीने नोंदवावी. वस्तूचा प्रकार बदलला म्हणून रकाना बदलण्याची गरज नसते. प्रकार हीच एका रकान्यात भरायची माहिती आहे. या कसोटीवर यादी तपासली, तर ती बरीच आटोक्यात येईल असे वाटते.

उरलेल्या यादीला पाया म्हणून डब्लिन कोअर हे मेटाडेटाचे मानक घ्यावे, असा माझा आग्रह आहे. १९९५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन येथे झालेल्या कार्यशाळेतून ते आकाराला आले. त्याच्या मूळ संचात शीर्षक, निर्माता, विषय, वर्णन, तारीख, प्रकार, ओळखक्रमांक, हक्क असे १५ घटक आहेत. त्यांपैकी कोणताही घटक सक्तीचा नाही आणि प्रत्येक घटक एकाच नोंदीत अनेकदा वापरता येतो. ओमेका आणि डीस्पेस या डिजिटल संग्रहांसाठीच्या प्रणालींत त्याची सोय सुरुवातीपासूनच आहे. आपले रकाने या घटकांशी जोडलेले असले, की उद्या प्रणाली बदलली किंवा अन्य संस्थांबरोबर सामायिक शोधसूची करायची झाली, तरी नोंदी पुन्हा भराव्या लागत नाहीत. अर्थात, दाखलक्रमांक, कपाटातील जागा, वस्तूची भौतिक स्थिती आणि देणगीदाराचा तपशील यांसाठी स्वतःचे रकाने करावेच लागतात. ते मात्र केवळ कर्मचाऱ्यांना दिसतील अशी व्यवस्था पहिल्या दिवशीच करावी, कारण देणगीदाराचा पत्ता चुकून सार्वजनिक होणे ही गंभीर बाब आहे.

तारखेचा प्रश्न आपण विचारलात हे फार चांगले झाले, कारण सर्वाधिक गोंधळ याच रकान्यात होतो. ‘सुमारे १९३०’ हे माणसाला समजते, पण त्यावरून यंत्राला नोंदी कालक्रमाने लावता येत नाहीत. यासाठी दोन रकाने ठेवावेत. पहिल्यात वाचकाला दिसणारा मजकूर असावा. मूळ वस्तूवर दुसऱ्या कालगणनेतील तारीख असल्यास ती येथे जशीच्या तशी उतरवावी. दुसऱ्यात आयएसओ ८६०१ या तारीखलेखनाच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशा क्रमाने, आणि इंग्रजी अंकांतच, तारीख लिहावी. या मानकाच्या २०१९ मधील विस्तारात अनिश्चित काळासाठीही खुणा आहेत : वर्षापुढे नागमोडी रेघ दिली की ते अंदाजे, प्रश्नचिन्ह दिले की शंकास्पद, आणि शेवटच्या अंकाच्या जागी ‘एक्स’ हे इंग्रजी अक्षर लिहिले की केवळ दशक माहीत आहे असा अर्थ होतो. आपली प्रणाली या खुणा वाचू शकत नसेल, तर आरंभवर्ष आणि अखेरवर्ष असे दोन रकाने करून काम भागते. एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे : स्कॅन केल्याची तारीख या रकान्यांत कधीही भरू नये. ती डिजिटल फाइलची माहिती आहे, मूळ छायाचित्राची नव्हे.

विषय, स्थळ आणि व्यक्तिनाम या रकान्यांत मुक्त लेखन होऊ देऊ नये. ऱ्हस्व-दीर्घाच्या एका फरकाने किंवा आद्याक्षरे वेगळ्या क्रमाने लिहिल्यानेही एकाच व्यक्तीच्या दोन व्यक्ती होतात. प्रत्येक नावाचे एक अधिकृत रूप ठरवून ते यादीतूनच निवडता येईल असे करावे व पर्यायी रूपे त्या अधिकृत नोंदीशी जोडावीत. कला व वास्तुविषयक संज्ञांसाठी अमेरिकेतील गेटी या कलासंस्थेचा शब्दकोश संगणकजाळ्यावर खुला आहे. तोच आधाराला घेतल्यास स्वतःची यादी शून्यातून रचावी लागणार नाही.

हक्कांचा रकाना रिकामा ठेवू नये. हक्कस्थिती अज्ञात असेल, तर तसे स्पष्ट लिहावे.

एवढे ठरल्यावर लगेच सर्व संग्रह चढवू नये. प्रत्येक प्रकारातील मोजक्या वस्तू निवडून दोन सहकाऱ्यांना एकमेकांच्या नोंदी न पाहता त्या भरायला सांगाव्यात. ज्या रकान्यांत दोघांची उत्तरे जुळत नाहीत, तेथे रकान्याची व्याख्या अपुरी आहे असे समजून नियम आणि नमुना लिहून काढावा. जो रकाना दोघांनीही रिकामा सोडला असेल, तो यादीतून काढून टाकण्यास हरकत नाही.