धंद्यात उतरताय? आधी मालकी समजून घ्या

कुठला धंदा चांगला, असं तुम्ही विचारलंत. त्याआधी दुसरा प्रश्न विचारा: धंदा बुडाला तर देणं कोण फेडणार? प्रकारांमधला खरा फरक इथेच आहे.

माल बनवणं, विकणं की सेवा देणं, हे लगेच कळतं. मालकी नीट बघा. एकट्याची मालकी असेल तर नफा सगळा तुमचा, पण कर्जही तुमचंच, अगदी राहत्या घरापर्यंत. साध्या भागीदारीत तर भागीदाराने फर्मच्या नावावर उधार उचललेल्या मालाचे पैसेही घेणेकरी तुमच्याकडे मागू शकतो. मित्र आहे म्हणून तोंडी व्यवहार करू नका, हे अगदी कळकळीने सांगतो. कोणाचा वाटा किती, मध्येच कोणी बाहेर पडलं तर हिशेब कसा, सगळं करारात लिहून घ्या.

मर्यादित कंपनी कायद्याने वेगळी व्यक्ती असते. भागधारकाचं नुकसान सहसा गुंतवलेल्या रकमेपुरतंच. मात्र कर्जासाठी वैयक्तिक हमी दिलीत, की त्या कर्जापुरतं ते कवच गेलं. सहीआधी हमीचं पान दोनदा वाचा.

सहकारी संस्थेचाही विचार करा. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या कामगारांनी १८४४ मध्ये असंच दुकान काढलं होतं: भाग कितीही असोत, एका सभासदाला एकच मत.