२०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स या अमेरिकन बेसबॉल संघाचे चाहते एवढे का भडकले होते? हरणं तर चालूच असतं ना?

हरण्यालाही प्रमाण असतं! १६२ पैकी १२१ सामने हरले. १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्सचा १२० पराभवांचा, १९०० नंतरचा विक्रम मोडला. मध्ये सलग २१ पराभव. धावा केल्या ५०७, दिल्या ८१३. म्हणजे सामन्याला साधारण तीन करायच्या आणि पाच द्यायच्या. ऑगस्टमध्ये मॅनेजर पेड्रो ग्रिफोल यांना काढलं, पण राग मालकावर होता, म्हणून स्टेडियममध्ये ‘संघ विका’च्या घोषणा. त्यात ड्राफ्टची, म्हणजे संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याची, गंमत बघा: मोठ्या बाजारपेठेतल्या संघाला लॉटरीने ठरणारी सुरुवातीची निवड लागोपाठ दोन वर्षं मिळत नाही. व्हाइट सॉक्सला ती २०२४ मध्ये मिळाली होती, त्यामुळे सगळ्यात तळाला राहूनही २०२५ मध्ये पहिली निवड नाहीच, थेट दहावी.