दहशतवादाचं 'निर्मूलन' म्हणावं की 'नियंत्रण'?

प्रश्न असा आला आहे : दहशतवादावर लिहिताना निर्मूलन, कर्करोग, शस्त्रक्रिया हे वैद्यकातले शब्द सर्रास येतात. 'दहशतवादाचं निर्मूलन' हा प्रयोग योग्य आहे का?

व्याकरणाने योग्यच. निर्मूलन म्हणजे मुळासकट उपटणं. पण आज हा शब्द रोगांविरुद्धच्या मोहिमांमुळे ओळखीचा आहे आणि तिथे त्याचा अर्थ एकच नाही. देवीचं निर्मूलन म्हणजे जगात एकही रुग्ण नाही. तशी घोषणा 1980 साली झाली. कुष्ठरोगाचं निर्मूलन झाल्याचं भारताने डिसेंबर 2005 मध्ये जाहीर केलं, तेव्हा निकष होता दर 10 हजारांमागे एकाहून कमी रुग्ण. हिवतापाची हकीकत तर मुद्दाम सांगण्यासारखी. 1953चा 'नियंत्रण' कार्यक्रम यशस्वी होताना दिसला म्हणून 1958 साली तो 'निर्मूलन' कार्यक्रम झाला. पुढे देखरेख ढिली पडली, डास डीडीटीला दाद देईनात आणि 1976 साली रुग्णसंख्या 64 लाखांवर गेली.

देवीच्या विषाणूला माणसाबाहेर कुठे आसराच नव्हता, म्हणून ती गेली. दहशतवादाला पैसा, सीमेपलीकडचा आश्रय, जुनी चीड असे किती तरी आसरे आहेत. एखाद्या संघटनेचा 'बीमोड' खुशाल लिहावा. धोरणाबद्दल मी 'नियंत्रण' किंवा 'प्रतिबंध' लिहीन.

'कर्करोग' मात्र मला फार खटकतो. कर्कपेशी नष्टच करायची असते, तिला कुणी बरं करत नाही. साथीची उपमा घेतली तर भरकटलेला तरुण रुग्ण ठरतो, तो परत येऊ शकतो. तिच्यातही धोका आहेच : 'लागण' म्हटलं की सगळी वस्तीच संशयित होते. उत्तर आयर्लंडमध्ये दहशतवाद रोखण्याच्या नावाखाली ऑगस्ट 1971 पासून शेकडो लोकांना, सुरुवातीला तर जवळजवळ फक्त अल्पसंख्य कॅथलिकांना, खटल्याविना डांबलं गेलं. हिंसा शमली नाही. 1972 हे तिथल्या संघर्षातलं सर्वांत रक्तरंजित वर्ष ठरलं. रोगापेक्षा इलाज भयंकर, ही आपली म्हण इथे तंतोतंत लागू पडते.

राहिली शस्त्रक्रिया. सप्टेंबर 2016 मधल्या 'सर्जिकल स्ट्राइक'साठी मराठी वृत्तपत्रांनी 'लक्ष्यभेदी कारवाई' हा शब्द वापरला. तो मला मनापासून आवडतो. नेम अचूक होता एवढंच तो सांगतो, रोगी बरा झाल्याचा दावा करत नाही.