वाचनालयातला पहिला कार्यक्रम

ताई, वाचनालयात मोठ्यांसाठी कार्यक्रम सुरू करताय, फार छान! फक्त सुरुवात २७ फेब्रुवारीला नको. मराठी भाषा गौरव दिनाला जिकडेतिकडे कार्यक्रम, माणसं विभागली जातात. महिन्यातला एक शनिवार ठरवा आणि तो मोडू नका.

सगळं एकटीने अंगावर घेऊ नका. देवघेवीच्या टेबलावर एक जण हवाच, नाहीतर पुस्तक बदलायला आलेले सभासद ऐन रंगात तुम्हालाच हाक मारतात. दारात दुसरा, वही घेऊन: नाव, फोन नंबर. माझ्या पहिल्या कार्यक्रमाला वहीच नव्हती. आलेल्या बावीस जणांना पुढच्या वेळी कळवणार कसं?

- सतरंजी नको, खुर्च्या मांडा. गुडघे दुखणारे हळूच उठून जातात.
- प्रास्ताविक आणि सत्कार मिळून दहा मिनिटं, बास.

वर्षभराची आखणी नंतर बघू.