वजन खरं सांग

प्रिय पोरी,

गुलमर्गच्या स्कीइंग बॅचमध्ये नाव घातलंस आणि रात्री अकराला मला विचारलंस, "ताई, ओळखीचं कुणीच नाही आणि मला स्कीइंगमधलं ओ की ठो कळत नाही. रद्द करू का?"

रद्द करू नकोस. सगळेच नवखे असले की पहिल्या तासात प्रत्येक जण दोन-चार वेळा पडतो, आणि शेजारच्याला हात देता देता ओळखी होऊन जातात. तू एकटी आलीस हे दुपारपर्यंत कुणाच्या लक्षातही राहणार नाही. फक्त एक पाळ. तिथे स्वतःबद्दल काही वाढवून सांगू नकोस आणि काही लपवू नकोस.

याची सुरुवात भाड्याने सामान घेतानाच होते. बूट स्कीला धरून ठेवणारा जो खटका असतो त्याला बाइंडिंग म्हणतात. तो किती घट्ट लावायचा हे तुझं वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुला कितपत येतं यावरून ठरतं. पडताना पाय पिळला तर तो सुटलाच पाहिजे. "मला थोडंफार येतं" असं उगाच म्हणालीस तर खटका जास्त घट्ट बसेल, स्की पायाला धरून राहील आणि सगळा पीळ गुडघ्यात जाईल. लाजून वजन कमी सांगितलंस तर तो नको तेव्हा सुटेल. तेव्हा वजन सांगताना संकोच नको.

बुटांच्या बाबतीत मी स्वतः चुकले आहे. माझ्या पहिल्या बॅचला मिळालेले बूट एक नंबर मोठे होते. सगळे तयार होऊन उभे, माझ्यामुळे खोळंबा नको म्हणून मी मोज्यांचे दोन जोड चढवले आणि गप्प राहिले. पाय आत सरकत राहिला आणि चौथ्या दिवशी दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी झाली. रात्री बुखारीभोवती, म्हणजे तिथल्या खोली तापवायच्या शेगडीभोवती, सगळे हातमोजे वाळवत बसले होते तेव्हा शेवटी मी पाय पुढे करून दाखवले. शेजारच्या बाईंनी काही न बोलता आपला मोजा काढला. त्यांच्या बुटांचीही तीच गत! चार दिवस आम्ही दोघी एकमेकींकडे बघून, हिला जमतंय मग आपण कशाला कुरकुरायचं, असं मनात म्हणत होतो. दुसऱ्या दिवशी दोघींनी जाऊन बूट बदलून घेतले. आमचं आजही बोलणं होतं.

म्हणून नीट बघ. बूट घालून सरळ उभी राहिलीस की बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत. गुडघे वाकवून नडगी बुटाच्या जिभेवर टेकवलीस की बोटं किंचित मागे सरकली पाहिजेत. टाच उचलली जात असेल तर लगेच बदलून माग. मोजा एकच, लांब आणि पातळ. आतून सुती कपडे नकोत, घामाने ओले झाले की अंगावर गारठतात. निफाडच्या थंडीचा अनुभव तिथे पुरत नाही.

पहिले दोन दिवस स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची एकमेकांपासून दूर असा आकार करून थांबायला शिकवतील. प्रशिक्षक त्याला 'पिझ्झा' म्हणतात. भीती वाटली की आपण मागे रेलतो आणि मागे रेललं की स्की ताब्यात राहत नाही. वजन पुढे, नडगी बुटावर, नजर पायांवर नको. पडणार असं वाटलंच तर कुशीवर पड. उठताना आधी दोन्ही स्की उताराला आडव्या कर, नाहीतर उभी राहता राहता घसरशील.

तिसऱ्या दिवशी चार जण पटापट शिकतील आणि गोंडोलाने, म्हणजे तिथल्या रोपवेने, वर जायचं टुमणं लावतील. नव्या मैत्रीत नाही म्हणणं जड जातं, पण म्हण. गोंडोलाचा दुसरा टप्पा 3,900 मीटरच्या वर, अफरवट डोंगराच्या कुशीत नेतो. तिथले उतार मुरलेल्या लोकांसाठी आहेत आणि हिमस्खलनाचा धोका खरा आहे. जोरात ताजा बर्फ पडून गेल्यावर तर तो जास्तच. तुझी जागा खालच्या मैदानाजवळ, सोप्या उतारावर. दमलीस तर दमले म्हण. बऱ्याच दुखापती दिवसाअखेरच्या "अजून एकदाच" मध्ये होतात.

आयोजकाला आजच फोन करून तीन गोष्टी विचार. एका प्रशिक्षकामागे किती जण? नवख्यांची तुकडी वेगळी असते का? खोलीत सोबत कोण असेल? विम्यात स्कीइंग धरलंय का तेही वाच, बऱ्याच पॉलिसींत साहसी खेळ वगळलेले असतात. सिम पोस्टपेड लागेल, बाहेरचं प्रीपेड तिथे चालत नाही. परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेव, बर्फाने श्रीनगरची उड्डाणं रखडतात. बेदाणे भरपूर घे. खिशातून काढून वाटता येतात आणि थंडीत खायलाही बरे.

अजून पाच आठवडे आहेत. रविवारी सकाळी साडेसहाला पांडवलेणीच्या पायथ्याशी ये. चढायची घाई नाही, आपल्याला पायऱ्या सावकाश उतरायच्या आहेत, कारण स्कीइंगमध्ये मांड्या भरतात त्या अशाच. माझा गॉगल आणि हातमोजे आणते, तुला होतात का बघू.

तुझी,
ताई