बाळ झोपतं, आई जागीच

प्रश्न : माझ्या धाकट्या बहिणीला मुलगी होऊन दोन महिने झाले. बाळ झोपलं तरी तिचा डोळा लागत नाही, जेवण जात नाही, उगाच रडते. घरचे म्हणतात, बाळंतिणीला असं होतंच. गोळ्या सुरू झाल्या तर अंगावरचं दूध तोडावं लागेल, अशी आईला धास्ती आहे. तुम्ही बायकांच्याच मनाच्या आजारांवर काम करता, म्हणून विचारते.
– एक वाचक, कराड

उत्तर : ताई, बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी रडू येणं, चिडचिड होणं हे बऱ्याच जणींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. बहिणीचं तसं दिसत नाही. हे नैराश्य असू शकतं आणि ते बरं होतं.

मी मानसोपचारात एमडी केलं ते सरकारी रुग्णालयात. तिथल्या ओपीडीत 'मन उदास आहे' असं म्हणत बाई क्वचितच यायची. कंबर दुखते, डोकं उठतं, अंगावरून पांढरं जातं, हातापायांची आग होते, एवढंच सांगायच्या. सोबतच्या माणसाला बाहेर बसवून "रात्री झोप लागते का? घरी कोणी हात उगारतं का?" असं विचारलं, की पदर डोळ्यांना लागायचा. तेव्हापासून मी हेच काम धरलं.

गोव्यातल्या एका अभ्यासात (२००२) बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य असल्याचं दिसलं. गरिबी, नवऱ्याशी न पटणं आणि मुलगी होणं, या गोष्टींचा त्याच्याशी संबंध होता. म्हणून बहिणीला एकटीला गाठून विचारा, मुलगी झाल्यावर घरात कोणी काही बोललं का?

दुधाचं आईंना नीट समजावा. सर्ट्रालिनसारखी नैराश्यावरची गोळी दुधात फार थोडी उतरते. ती चालू असताना बहुतेक आया बाळाला पाजू शकतात. सौम्य आजारात नुसत्या समुपदेशनानेही फरक पडतो. थायरॉइड आणि हिमोग्लोबिन मात्र तपासून घ्या, त्यातल्या बिघाडानेही असाच थकवा येतो. रात्री पाजून झालं की लंगोट, ढेकर, थोपटणं दुसऱ्या कोणीतरी घ्यावं. तिला सलग चार तास पडू द्या. मी याला औषधाइतकंच महत्त्व देते.

जवळ डॉक्टर नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. पण ती असंबद्ध बोलू लागली, कानात आवाज येतात म्हणाली, किंवा स्वतःचं वा बाळाचं बरंवाईट करण्याचं बोलली, तर तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्या.